साधी म्हणून शेवटी ठेवलेली बिअर

आळशी_कासव (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी एका छोट्या ब्रुअरीत जाऊन आलो. मी, माझा एक जुना मित्र आणि वहिनी. वहिनी घेत नाहीत, त्यामुळे गाडीची किल्ली त्यांच्याकडे. बिअरमधलं माझं ज्ञान म्हणाल तर थंड असावी आणि मध्येच संपू नये, एवढंच. जाणकारांनी खाली येऊन कान उपटावेत, रागावणार नाही.

आत पाऊल टाकलं तर दारूचा वास नाहीच. ओल्या धान्याचा, गरम, गोडसर वास. ब्रुअर म्हणजे तिथला मालकच. पायात गमबूट, हातात पाण्याचा पाइप. "आलोच हं" म्हणत त्यानं आणखी अर्धा तास टाकी धुतली. आधी कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग ॲसिड, परत पाणी, शेवटी निर्जंतुक करायचं द्रावण. मग हात पुसत म्हणाला, "बिअर यीस्ट करतं. आम्ही भांडी घासतो." मला वाटलं, पाहुण्यांसाठी पाठ केलेलं वाक्य आहे. असेलही. पण पुढचे दोन तास तो माणूस काही ना काही धूतच होता.

त्यानं तळहातावर चार प्रकारचे दाणे ठेवले. जव भिजवायचा, मोड आणायचे, मग वाळवून कमीजास्त भाजायचा, की झाला माल्ट. पहिला फिकट दाणा दाताखाली कुरकुरला आणि मागाहून पिठूळ गोड लागला. दुसरा जरा जास्त भाजलेला, बिस्किटासारखा. तिसऱ्याला साखर जळायला लागते तेव्हाची चव. चौथा तर मोड न आणताच भाजलेला, काळाकुट्ट. चावला आणि तोंड वाकडं झालं. करपलेली कॉफीच. स्टाउट नावाच्या काळ्या बिअरमध्ये हा काळा दाणा शंभरात पाच-दहाच असतो म्हणे, बाकी बहुतेक फिकट माल्ट. "एवढाच?" म्हणालो, तर म्हणाला, "कपड्यांना नीळ किती घालता?"

बिअरला कडवटपणा आणि वास देणारं हॉप्सचं फूल दिसायला कागदी. ते दोन तळव्यांत चोळायला लावलं. आत पिवळी भुकटी असते, चिकट. आधी संत्र्याच्या सालीचा वास आला, मग ओल्या गवताचा. हात दोनदा धुतले, तरी रात्री झोपताना बोटांना येत होता.

मग टाकीच्या बाजूच्या नळातून त्यानं अर्धवट झालेली लागर, म्हणजे ती नेहमीची सोनेरी बिअर, थोडी थोडी काढून दिली. आम्ही दोघं "वा वा" करत प्यायलो. वहिनींनी ग्लास नुसता नाकाशी नेला आणि विचारलं, "ह्यात लोणी घातलंय का?" ब्रुअर त्यांच्याकडे बघतच राहिला. आम्हाला काही कळलं नाही, आम्ही हसलो.

आता मुख्य गोष्ट. चार भोकांची एक फळी, त्यात चार छोटे ग्लास: लागर, गव्हाची, आयपीए (म्हणजे इंडिया पेल एल) आणि स्टाउट. डावीकडून सुरू करा, असं त्यानं सांगितलं होतं. मी उजवीकडून सुरू केलं, कारण काळी बिअर कधी घेतली नव्हती आणि धीर नव्हता. स्टाउट भारी. आयपीए कडू, पण फळांच्या वासाची. गव्हाच्या बिअरला चक्क पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. शेवटी लागर. एक घोट घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे तर पाणी आहे."

तो काही बोलला नाही. माझा ग्लास उचलून घेऊन गेला. पाणी प्यायला लावलं, पंधरा मिनिटं बाहेर बसवलं आणि मग नवा ग्लास आणून समोर ठेवला. ह्या वेळी आधी वास आला, ताज्या पावाच्या आतल्या मऊ भागासारखा. मग हलकी गोडी, आणि घोट गिळून झाल्यावर कुठून तरी कडवटपणा आला, क्षणभर थांबला आणि गेला. मागे काही नाही. तोंड स्वच्छ. मघाचंच पिंप, मघाचाच नळ.

"बाकीच्या तीन मला पहिल्या वर्षीच जमल्या," तो म्हणाला. "ही अजून शिकतोय."

तर जाणकारहो, जी सगळ्यात साधी लागते तीच सगळ्यात अवघड कशी?

चौकस_चिमणी

बाकी राहू दे, लोण्याचं काय झालं ते सांगा आधी.

साधा_माणूस

तुमच्या वर्णनाबद्दल आदर आहे, पण चार घोटांत पाव, केळं, लवंग, संत्रं! फळवाल्याकडे गेला होतात की ब्रुअरीत? शेवटी दारू ती दारू, कशीही गाळा. मला कडू म्हणजे कडूच लागतं.

उकळी

कासवराव, छान लिहिलंय. मी तीन वर्षं अशाच एका ठिकाणी काम केलंय, त्यातली दोन वर्षं टाक्या धुण्यात गेली. ते वाक्य पाठ केलेलं नाही, खरं आहे.

साधा_माणूस साहेब, आधी एक दुरुस्ती. गाळतात ती दारू. बिअर आंबवतात. गाळायचं म्हणजे आंबवलेलं उकळून त्याची वाफ धरायची. बिअरमध्ये उकळी आंबवण्याच्या आधी येते, नंतर नाही. माझं टोपणनाव त्यावरूनच आहे.

आता लागर. दळलेला माल्ट साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, त्याला मॅश म्हणतात. त्यातली एन्झाइमं पिठाची साखर करतात. पाणी ६२-६४ अंशांवर राहिलं तर यीस्टला खाता येते अशी साखर जास्त होते, बिअर कोरडी आणि हलकी लागते. ७०च्या आसपास गेलं तर यीस्टला न पचणारी साखर मागे उरते आणि बिअर तोंडात भरीव लागते. पाच-सहा अंशांचा खेळ, पण शेवटच्या घोटापर्यंत जाणवतो. मग तो गोड रस चोथ्यापासून वेगळा करून तास-दीड तास उकळायचा. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी टाकलेले वास. मग गार करून यीस्ट.

इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. फरक इथून पुढे. तुमच्या बाकीच्या तिन्ही बिअर एल प्रकारच्या. एलचं यीस्ट १८-२० अंशांवर काम करतं, आठ-दहा दिवसांत मोकळं होतं, आणि जाता जाता फळांसारखे वास सोडून जातं. तुमच्या गव्हाच्या बिअरमधलं केळं आणि लवंग कुणी घातलेलं नाही, ते यीस्टचंच देणं. साधा_माणूस ह्यांनी नोंद घ्यावी: केळ्याला जो वास असतो त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल ॲसिटेट, आणि बिअरमध्येही नेमका तोच. कवीकल्पना नाही. लागरचं यीस्ट मात्र ८ ते १३ अंशांवर सावकाश चालतं, आणि मग बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे पडून राहते. जर्मन भाषेत लागर्न म्हणजे साठवणं, नाव तिथूनच आलं. एवढे दिवस एक टाकी अडकून पडते. त्यात ठळक वास-बास काही नसल्यामुळे झाकायलाही काही नसतं. आयपीएमध्ये थोडं चुकलं तर हॉप्स पांघरूण घालतात. स्टाउटमध्ये भाजलेला दाणा. लागरमध्ये चूक उघडी पडते.

आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा.

चौकस_चिमणी

अहो पण लोणी!

उकळी

सांगतो, ताई. आंबवताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचा पुढे डायअसिटिल होतो. त्याला थेट लोण्याचा वास असतो. यीस्टला सवड दिली तर तेच यीस्ट तो परत खाऊन टाकतं. म्हणून लागर थंडीत टाकण्याआधी दोन-तीन दिवस १५-१८ अंशांवर आणतात. वहिनींनी जी वासली ती टाकी अजून त्या पायरीवर होती. म्हणजे ब्रुअरची चूक नव्हे, काम चालू होतं. पण नाकाला ते लगेच पकडता आलं ही मोठी गोष्ट. कित्येकांना डायअसिटिलचा वास जवळजवळ येतच नाही, त्यात बिअर करणारेही असतात.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. टाकीतली थोडी बिअर झाकणाच्या बरणीत घ्यायची, बरणी ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, गार करायची आणि झाकण उघडून नाक घालायचं. लोणी लपलेलं असेल तर बाहेर येतं. आलं, तर टाकीला अजून दोन दिवस द्यायचे. आमच्याकडे हे काम ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या बाईंकडे होतं. आमच्यापैकी कुणाचं नाक त्यांच्या पासंगाला पुरत नव्हतं.

साधा_माणूस

गाळण्याची चूक मान्य. केळ्याचंही मान्य करतो, नाइलाज आहे. पण पाणी पिऊन पंधरा मिनिटं बसलं की त्याच बिअरची चव बदलते, हे मनाचे खेळ. ब्रुअरनं गंभीर चेहरा केला आणि कासवरावांना पाव दिसला.

निवांत

वाचनखूण साठवली. मॅशला ६५ अंश, हे कुठे तरी लिहून ठेवलं पाहिजे.

तळटीप

लागर "साधी" का समजली जाते त्याला इतिहास आहे. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन गावची बिअर इतकी वाईट व्हायची की १८३८ मध्ये लोकांनी ३६ पिंपं चौकात ओतून दिली, असं सांगतात. मग गावानं नवी ब्रुअरी बांधली आणि जर्मनीतल्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. वय २९. ५ ऑक्टोबर १८४२ला त्यानं पहिला घाणा लावला. फिकट माल्ट, तिथले झाट्स जातीचे हॉप्स, लागरचं यीस्ट आणि तिथलं अतिशय हलकं पाणी, ज्यात क्षार जवळजवळ नाहीतच. त्या काळी बहुतेक बिअर गढूळ आणि तपकिरी. ही निघाली सोनेरी आणि आरपार दिसणारी. म्हणजे आज जिला आपण पाणी म्हणतो, ती आली तेव्हा चमत्कार होती.

पाण्याचा मुद्दा मोठा आहे. इंग्लंडातल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा तिथे धारदार लागतो. पेल एल म्हणजे फिकट एलसाठी ते गाव प्रसिद्ध झालं त्यात विहिरींचा वाटा मोठा.

अवांतर: आयपीएमधला आय म्हणजे इंडिया. भारतापर्यंतच्या लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्सची नवीच बिअर खास शोधून काढली, ही कथा सगळीकडे ऐकवतात. तेवढी सरळ नाही ती. जास्त हॉप्स घालून बिअर टिकवणं इंग्लंडात आधीपासून माहीत होतं. पूर्व लंडनमधल्या हॉजसनच्या ब्रुअरीची पेल एल जहाजांवर चढली, मग १८२०च्या दशकात बर्टनवाले त्या व्यापारात उतरले. आणि त्याच जहाजांतून काळी पोर्टरही भरपूर यायची, तिचं नाव कुणी काढत नाही.

अजून एक. १५१६च्या बव्हेरियाच्या शुद्धतेच्या कायद्यात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय. यीस्टचा उल्लेखच नाही. जो सगळं काम करतो त्याचं नाव यादीत नाही. असं ऑफिसातही बघितलंय म्हणा.

उकळी

+१. त्यात भर घालतो. यीस्ट जिवंत असतं आणि बिअर नासते ती दुसऱ्या जंतूंमुळे, हे पाश्चरनं दाखवलं. पण यीस्टमध्येही बरेवाईट असतात आणि एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवता येतो, हे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं करून दाखवलं. गंमत म्हणजे कार्ल्सबर्गनं ते यीस्ट स्वतःपुरतं ठेवलं नाही, इतर ब्रुअरींना देऊन टाकलं. आणि हे लागरचं यीस्ट संकरित आहे. एक पालक नेहमीचं एलचं यीस्ट, दुसरा पालक कोण हे कितीतरी वर्षं सापडत नव्हतं. २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात झाडांवरच्या गाठींमध्ये सापडला. थंडीत काम करायची सवय त्या बाजूनं आली.

चौकस_चिमणी

मला एक बाळबोध शंका. काळी बिअर जास्त चढते ना? आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

रसायनवाला

चिमणीताई, रंग दाण्याच्या भाजण्यातून येतो, मद्यार्क साखरेतून. दोघांचा संबंध नाही. आयर्लंडच्या गिनेस ब्रुअरीची नेहमीची स्टाउट काळीभोर, पण मद्यार्क ४.२ टक्के. कितीतरी सोनेरी लागर त्याहून जास्त असतात. ती जड वाटते त्याचं एक कारण नायट्रोजन. त्याचे बुडबुडे फार बारीक, फेस सायीसारखा होतो आणि जिभेला दाटपणाचा भास होतो.

मोजायचं कसं? तरंगती काचेची नळी असते, हायड्रोमीटर. आंबवण्याआधी रसाची घनता समजा १.०५० आली आणि नंतर १.०१० उरली, तर फरक ०.०४०. त्याला १३१ नं गुणा, सव्वापाच टक्के. ब्रुअरी बघायला गेलात तर नळी दाखवा म्हणून सांगा, आनंदानं दाखवतात.

कडूपणाचंही माप आहे, आयबीयू. हॉप्समधून उतरलेले कडू पदार्थ लिटरमागे किती मिलिग्रॅम, साधारण तेवढा आकडा. पण आकड्यावर जाऊ नका. ४०ची स्टाउट तिच्यातल्या गोडीमुळे मवाळ लागते आणि ४०ची कोरडी लागर जीभ खरवडते. साधा_माणूस ह्यांचं "कडू म्हणजे कडूच" इथे पडतं.

आणि उन्हात ग्लास घेऊन बसू नका. उजेडानं हॉप्सचे कडू पदार्थ तुटतात आणि गंधकाचा एक उग्र वास येतो. पांढऱ्या काचेत काही मिनिटं पुरतात. बाटल्या तपकिरी असतात त्या म्हणूनच.

साधा_माणूस

मी पडलो, मान्य. पण पंधरा मिनिटांचं उत्तर कुणीच दिलं नाही.

मोजपट्टी

मी देतो. आयपीए आणि भाजलेल्या दाण्याचा कडूपणा जिभेवर रेंगाळतो. त्यानंतर हलकी चव आली की जीभ ती धरतच नाही. दिव्याकडे बघून अंधाऱ्या खोलीत शिरल्यासारखं. म्हणून हलक्याकडून जडाकडे जायचं, मध्ये पाणी. आणि फार गारही नको. बर्फगार बिअरला वासच उरत नाही, वाईट बिअर गारच का देतात ते ओळखा.

पण शंका रास्त आहे, मनाचे खेळ होतातच. त्यावर उपाय भांडण नव्हे, त्रिकोण चाचणी. तीन ग्लास, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. कुठल्यात कुठली ते देणाऱ्यालाही माहीत नसावं. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानं तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून पाच-सहा फेऱ्या करायच्या. अशा थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष किती भरवशाचा, हा प्रश्नही बिअरनंच सोडवलाय. विल्यम गॉसेट गिनेसमध्ये नोकरीला होता. १९०८ मध्ये त्यानं ह्यावर निबंध लिहिला, स्वतःच्या नावानं छापता येत नव्हता म्हणून स्टुडंट ह्या टोपणनावानं. संख्याशास्त्रातली टी टेस्ट ती हीच. आपल्यासारखाच, टोपणनाववाला.

साधा_माणूस

हे आवडलं. कासवराव, करा आणि प्रामाणिक निकाल टाका. तोपर्यंत मी गप्प.

निवांत

साधा_माणूस गप्प बसणार, ह्याच्यासाठी तरी करा.

आळशी_कासव

उशीर झाला, नावाला जागलो. काल परत गेलो होतो, तिघंही.

ब्रुअरला चाचणीचं सांगितलं तर तो म्हणाला, मी दर नव्या घाण्याला करतोच. त्यानं त्याच लागरच्या दोन खेपा घेतल्या, एक ह्या महिन्याची, एक मागची. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ट्रे त्याच्या मदतनिसाकडे दिला, त्यानं पडद्यामागे फिरवाफिरव करून आणला. एकेका फेरीत दोन-दोन घोट, मध्ये पाणी. सहा फेऱ्या.

मित्र: सहात दोन. म्हणजे नाणं उडवण्याच्याच लायकीचा. तो अजून वाद घालतोय की चिठ्ठ्या चुकल्या.

मी: सहात तीन. मला फार आनंद झाला होता. मोजपट्टी ह्यांना व्यक्तिगत निरोप केला तर म्हणाले, नुसत्या अंदाजानंही तीन किंवा जास्त येण्याची शक्यता ३२ टक्के. आनंद गेला.

वहिनींनी एक थेंबही घेतला नाही. फक्त वास. सहापैकी सहा. अंदाजानं हे ७२९ वेळांत एकदा जमेल. चौथ्या फेरीनंतर मदतनीस मुद्दाम ग्लास गार करून आणायला लागला. त्यांनी ते दोन तळहातांत धरून ऊब दिली आणि परत बरोबर सांगितलं. कसं कळलं विचारलं, तर म्हणाल्या, "मागच्याला किंचित ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे." ब्रुअरनं मान डोलावली. त्या खेपेचं पिंप भरताना थोडी हवा आत राहिली होती, असा त्याला आधीच संशय होता.

रसायनवाला

अगदी बरोबर. ऑक्सिजन लागला की बिअर शिळी होते आणि पुठ्ठाच येतो. कमाल आहे.

साधा_माणूस

हरलो. कासवरावांच्या पावावर अजून विश्वास नाही, पण वहिनींच्या पुठ्ठ्यावर आहे.

उकळी

त्या लोण्यावाल्या टाकीचं पुढे काय झालं? आतापर्यंत थंडीत गेली असेल.

आळशी_कासव

गेली. तीन आठवडे झाले, अजून तीन ठेवणार आहे. पिंपं भरायच्या आदल्या दिवशी बरणी गरम करून वास घ्यायचा आहे आणि त्यासाठी त्यानं वहिनींना बोलावलंय. वहिनींनी वेळ ठरवून दिली, सकाळी अकराच्या आत, कारण जेवणानंतर नाक बसतं म्हणे.

मित्राला किल्ली द्यायला बोलावलंय. मला बोलावलेलं नाही.